तांडेलाच्या आईचा फेरफार

मला आयुष्यातली पहिली नोटीस आली ती चित्रकथेतल्या एका माणसाच्या डोळ्यावरून.

मी तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर बुकिंग क्लार्क होतो. वय चोवीस, मिशी नवी आणि तोंड मात्र आतासारखंच, म्हणजे सदैव चालू. एका दुपारी शेठ खुर्चीत डुलक्या घेत असताना पोस्टमननं माझ्या नावाचा खाकी लिफाफा आणून टाकला. आत कार्बन घालून हातानं लिहिलेला कागद होता. ‘विषय: तुफान तांडेल, अंक ३७, पान ११, चौकट ४. तांडेलाने शत्रूस फसविण्यासाठी पट्टी उजव्या डोळ्यावरून डाव्या डोळ्यावर घेतली, असे आपण गेल्या रविवारी चारचौघांत तोंडी सांगितले. याबाबत पुरावा असल्यास सात दिवसांत हजर करावा. न केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून निर्णय देण्यात येईल.’ खाली सही, द. ना. म्हात्रे.

शेठ जागा झाला आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागला. त्याला मराठी अक्षरं अर्धीमुर्धीच लागायची. ‘शत्रू’, ‘डोळा’ आणि ‘पुरावा’ एवढे तीन शब्द त्याला लागले. तो हळू आवाजात म्हणाला, “मनोहर, कुणाचा फोडलास?”

तुफान तांडेल म्हणजे कोण, हे आता सांगायला लागतं, ही काळाची करणी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या पनवेलीत हे नाव माहीत नाही असं घर नव्हतं. दर पंधरवड्याला मुंबईहून त्याचा बत्तीस पानी अंक यायचा. तांडेल हा एकाक्ष होडीवाला. समुद्रात चाचे, किनाऱ्यावर स्मगलर आणि घरात काका, अशा तिघांशी तो एकाच वेळी झुंजायचा. ही चित्रकथा लिहिणारे चार जण आहेत आणि त्यातला एकही दुसऱ्याचं वाचत नाही, अशी आमची पक्की खात्री होती. कारण आठव्या अंकात तांडेलाला पोहता येत नसे आणि अकराव्यात तो मगरीच्या पाठीवरून येई.

एस. टी. स्टँडच्या मागे युसूफभाईंची लायब्ररी होती. तिथं आम्ही रविवारी सकाळी अकराला जमायचो आणि भांडायचो. युसूफभाई पुस्तकबांधणी करायचे. खळ, टोचा आणि दोरा मांडीवर घेऊन ते बसलेले असत आणि त्यांच्या मागे फळ्यांवर तांडेलाचे सगळे अंक पुठ्ठ्याच्या बांधणीत उभे असत. दुसरे होमिओपॅथ डॉक्टर करमरकर. ते पेशंटला साबूदाण्याएवढी गोळी आणि वादाला नारळाएवढा मुद्दा देत. तिसरा मी. आणि एका रविवारी चौथ्या खुर्चीवर म्हात्रेबाई येऊन बसल्या.

त्या पहिल्या वेळी मला जो धक्का बसला तो नीट सांगितला पाहिजे. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, सावळी बाई. खळीची सुती साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पर्समध्ये दोन पेनं, एक फूटपट्टी आणि नकाशे वाचायचं भिंग. गावातल्या एका सरकारी कचेरीत जमिनीचं जुनं दप्तर सांभाळणाऱ्या या बाई. मोठमोठे जमीनदार त्यांच्या खिडकीपुढे आवाज खाली घेऊन बोलत. अशा बाईला तांडेलाच्या अंकावर भिंग धरून, ओठ हलवत, चाचे मोजताना पाहिलं, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. खोटं सांगत नाही, विजारीवर सांडला.

त्या इथं कशा आल्या, हे मला युसूफभाईंनी नंतर सांगितलं. कचेरीत रांगेत उभा असलेला कुणीतरी आपला अंक खिडकीशी विसरून गेला होता. बाईंनी तो जपून ठेवला, दोन दिवस वाट पाहिली, मग आतला लायब्ररीचा शिक्का बघून परत करायला आल्या. अंक हातात देत म्हणाल्या, “यातलं बारावं पान चौथ्याशी जुळत नाही. आधीचे कागद आहेत का?”

“कागद?” युसूफभाई म्हणाले.

“मागचे अंक हो.”

युसूफभाईंनी पहिल्या अंकापासून सगळे दिले. महिन्याभरानं बाई परतल्या त्या एक लांबट रजिस्टर घेऊन. बाजारातून विकत आणलेलं, कचेरीतलं नव्हे, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. आत पट्टीनं रकाने आखलेले होते. अनुक्रमांक, अंक, पान, चौकट, विसंगती, हरकत घेणाऱ्याचं नाव, निर्णय. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते तेव्हा जसा फेरफार लिहितात, नोटीस काढतात, हरकती मागवतात आणि सुनावणी करून नोंद मंजूर करतात, तशी बाईंनी तांडेलाच्या एकूण एक चुकांची दप्तरी व्यवस्था लावली होती. त्या दिवसापासून आमचं भांडण संपलं आणि सुनावणी सुरू झाली.

सुनावणीत तोंड चालत नसे. मी तावातावानं उठलो, हात उगारला, “तांडेल असं करूच शकत नाही,” म्हणालो, की बाई मान खाली ठेवूनच विचारायच्या, “अंक, पान, चौकट?”

या तीन शब्दांनी त्यांनी आम्हाला जेरीस आणलं. डॉक्टर कर्नाळ्याच्या पायथ्याशी दिसलेल्या बिबट्याची गोष्ट रंगवून सांगत. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बिबट्या वासराएवढा होता. दिवाळीनंतर तो बैलाएवढा झाला. बाईंनी रजिस्टर उघडून दोन्ही मापं वाचून दाखवली. “तुम्ही माझीसुद्धा नोंद ठेवलीत?” डॉक्टर हादरून म्हणाले. बाई म्हणाल्या, “वन्य प्राण्याची ठेवली. तुमची नाही.”

माझ्या डोळ्याच्या खटल्याचा निकाल साडेचार मिनिटांत लागला. मी शत्रूला फसवण्याचा सिद्धांत मांडला, मोठ्या अभिनयासह मांडला, पट्टी कशी सरकवली तेही रुमाल बांधून दाखवलं. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. “तांडेलाच्या सदऱ्याची गुंड्यांची पट्टी बघ. मनगटावरचा गंडा बघ. मागं शिडाचा दोर बघ.” सगळं उलट्या बाजूला गेलं होतं. छापखान्यात चित्रच उलटं लागलं होतं. बाईंनी लिहिलं, ‘छपाईची चूक. डोळा उजवा कायम. हरकत फेटाळली.’ आणि मला रजिस्टरवर सही करायला लावली. सही करताना माझा कान लाल झाला होता, असं युसूफभाई पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत.

बाई प्रकाशकालाही पत्रं लिहीत. तांडेलाची ‘रेवती’ होडी बाविसाव्या अंकात जळून बुडाली आणि पंचविसाव्यात रंग लावून धक्क्याला उभी राहिली. यावर त्यांनी सात कलमी पत्र पाठवलं. उत्तरादाखल एक छापील पोस्टकार्ड आलं: ‘प्रिय बालमित्रा, तुझे पत्र आवडले. खूप अभ्यास कर आणि पुढचा अंक चुकवू नकोस.’

आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्डाला भोक पाडलं, दोरा ओवला, फायलीला लावलं आणि वर लिहिलं, ‘उत्तर मिळाले. मुद्द्यास धरून नाही.’

घरच्यांबद्दल त्या बोलत नसत. तलावाजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न झालं होतं, नवऱ्यानं वर्षभरात आणून सोडलं होतं. मग त्यांनी बापाचं नाव परत लावलं, मॅट्रिक झाल्या आणि नोकरीला लागल्या. हेही मला डॉक्टरांकडून कळलेलं. माहेर खाडीपलीकडच्या एका आगरी गावात, मिठागरांच्या बाजूला. वडील गेल्यावर तिथं दोन भाऊ होते. वर्षातून एकदा, गौरीला, बाई तिकडं जात आणि येताना केळीच्या पानात गुंडाळून काहीतरी आमच्यासाठी आणत. कचेरीत आणि लायब्ररीत त्या अगदी छापील बोलत. पण राग आला, की खाडी ओलांडून गावची भाषा यायची. ती आली, की आम्ही गप्प बसायचो.

आणि मग अठ्ठावन्नावा अंक आला.

त्याआधी नववा अंक सांगायला हवा. नवव्या अंकात तांडेलाची आई मरते. वादळात मुलाची होडी दिसावी म्हणून ती कंदील घेऊन खडकावर जाते, लाट येते, पुढच्या चौकटीत नुसता कंदील. मग काका छाती पिटत गावाला खबर देतो. शेवटून दुसऱ्या पानावर तेराव्याचं जेवण, पंगत बसलेली, तांडेल मुंडण केलेला. पनवेलीतली शाळकरी पोरंच काय, डॉक्टरांचा कंपाउंडरही तो अंक वाचून रडला होता.

अठ्ठावन्नाव्या अंकात तांडेल चाच्यांना लोळवून घरी येतो, जेवायला बसतो, आणि एका चौकटीत, फक्त एका, हिरव्या लुगड्यातली, मोठ्या नथीची तीच बाई त्याच्या ताटात कालवण वाढते. तांडेल म्हणतो, “आई, मीठ कमी.” पुढच्या चौकटीत तो पुन्हा समुद्रावर. कुणाला काही वाटलेलं नाही.

त्या रविवारी लायब्ररीत उभं राहायला जागा नव्हती. जुईनगरपासून नव्हे, पण तळोज्यापासून माणसं आली होती हे मी शपथेवर सांगतो. मी सरकारी वकिलाच्या थाटात उभा राहिलो. माझं म्हणणं, शुद्ध गाढवपणा. लिहिणारा विसरला, ती चौकट रद्द समजावी. डॉक्टरांचं म्हणणं, ती मावशी असणार, बहिणी सारख्या दिसतात. युसूफभाई टोचा बाजूला ठेवून म्हणाले, “रूह आहे. आईची रूह लेकराला उपाशी ठेवत नाही.” तिघांची तीन तोंडं, पण एका गोष्टीवर आमचं एकमत होतं. आई मेलेली आहे. खबर आहे, तेरावं आहे, मुंडण आहे. आणि बाई तर दप्तरवाल्या. नोंदीपुढे त्यांनी कधी ब्रह्मदेवाचं ऐकलं नव्हतं. निकाल खिशात असल्यासारखा मी हसत होतो.

बाईंनी ती चौकट भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. मग रजिस्टर मिटून म्हणाल्या, “तारीख देते.”

पुढच्या रविवारी पुन्हा तारीख. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. साडेचार मिनिटांत माझा डोळा फोडणाऱ्या बाई चार महिने तारखा देत राहिल्या. मी टोमणे मारले, “बाई, मयताचा दाखला मागवलाय का मुंबईहून?” त्यांनी पुढच्या रविवारची तारीख लिहिली. 

पाचव्या महिन्यात निकाल आला. बाईंनी उभं राहून वाचला. ‘अंक ९ मधील मृत्यूची नोंद विश्वासार्ह नाही. अंक ५८, पान १९, चौकट २ ग्राह्य. तांडेलाची आई हयात.’

डॉक्टरांच्या हातातली गोळ्यांची बाटली खाली पडली आणि गोळ्या फळ्यांखाली घरंगळत गेल्या. मी ओरडलोच, “हयात? बाई, तेरावं जेवली माणसं.”

“अंक नऊ,” बाई म्हणाल्या. “प्रेत कोणत्या चौकटीत आहे?”

आम्ही पानं उलटली. प्रेत नव्हतं. कंदील होता.

“खबर कोणी दिली?”

“काकानं.”

“अंक बारा बघ. घर कोणाच्या नावावर गेलं? होडी कोणाकडे गेली?”

काकाकडे. आम्ही तो अंक वीस वेळा वाचला होता आणि काकाला लाखोल्या वाहिल्या होत्या. पण हे दोन अंक शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. युसूफभाई पुटपुटले, “या अल्ला, कागदावर मारली तिला.”

बाई म्हणाल्या, “मेल्याची खबर देणारा आणि मागं सगळं मिळणारा एकच माणूस असेल, तर मी नोंद दोनदा वाचते.”

पण मी हरणारा नव्हतो. मी म्हणालो, “बाई, नियम तुमचाच. नोंद म्हणजे नोंद. एका चौकटीवरून गावाची साक्ष खोटी ठरवता? सगळं गाव म्हणतंय ती मेली.”

तेव्हा त्यांची भाषा खाडी ओलांडून आली. “सगला गाव पंगतीत जेवला. येकानं तरी विचारलं, बाई खरंच मेली काय? मेली हाय तं मंग कालवन कोन वाढतंय?”

बाईंनी रजिस्टर पिशवीत घातलं आणि त्या निघून गेल्या. मी मात्र आठवडाभर धुमसत होतो. बाईंनी आपल्याच शास्त्राशी बेइमानी केली, असं मी पेढीवर हमालांनासुद्धा समजावून सांगितलं.

असे दोनेक महिने गेले. आमच्या शेठला खाडीपलीकडं गोदामासाठी जागा हवी होती. एक जमीन त्याच्या मनात भरली. त्यानं मला जुन्या फेरफाराची नक्कल काढून आणायला सांगितलं. मी बाईंच्या कचेरीत अर्ज दिला. अर्जावरचा गट नंबर बाईंनी वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “गुरुवारी ये.” त्या काळी नकला हातानं उतरवून देत. गुरुवारी त्यांनी खिडकीतून दोन पानं दिली आणि लगेच पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

मी स्टँडवर कळंबोलीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. सहज म्हणून वाचायला लागलो. ‘खातेदार नारायण म्हात्रे मयत. वारस, मुलगे दोन.’ त्यांची नावं. मग खाली, ‘मुलगी द्वारकी, मयत, मूलबाळ नाही. खबर देणार, थोरला मुलगा.’

मी पान उलटलं. शेवटी नेहमीची ओळ होती. ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल. तपासली.’ आणि त्याखाली तीच सही, जी माझ्या पहिल्या नोटिशीखाली होती. द. ना. म्हात्रे. द्वारकाबाई नारायण म्हात्रे.

मी कागद पुन्हा वर केला. वर मेली होती. खाली सही करत होती. दोन्हीकडचं अक्षर एकच.

कळंबोलीची गाडी आली, भरली, गेली. दुसरी आली, तीही गेली. ज्याचं तोंड कधी बंद होत नाही अशी ज्याची ख्याती, तो मी स्टँडवरच्या बाकावर बसून होतो आणि शेंगदाणे विकणारी बाई मला विचारत होती, “काय रे, पाणी देऊ काय?”

रविवारी मी नक्कल बाईंच्या पुढ्यात ठेवली. डॉक्टर आणि युसूफभाईंना आधी सांगितलं होतं, म्हणून दार लोटून घेतलं होतं. बाईंनी चष्मा पुसला, कागदावरून बोट फिरवलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एक अक्षर चुकलेलं नाही.”

“बाई, हे तुम्हाला माहीत होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अकरा वर्षं झाली. नोंद मंजूर होऊन दप्तर माझ्याच खोलीत येतं ना. मीच दोरा बांधला, मीच फडताळात ठेवलं.”

“मग हरकत?” मी म्हणालो. “आमच्या बिबट्यावर हरकत घेता, माझ्या डोळ्यावर घेता.”

“त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते, मनोहर. ज्या दप्तराची किल्ली आपल्याकडं, त्यात आपलंच नाव आपणच जिवंत करायचं? उद्या कोणी म्हणेल, बाईनं आतल्या आत लिहून घेतलं.” 

“आणि भावांना? त्यांनाही नाही विचारलंत?”

“दर गौरीला जाते. थोरला विचारतो, द्वारके, बरी हायस ना? मी म्हणते, बरी हाय. भावजय पाट मांडते, वाढते. वर्षातून एक दिवस मी त्या घरात जिवंत असते. हरकत घेतली, तर कागदावर उठून बसेन. पण पाट कोण मांडील?”

युसूफभाईंनी खळीचं भांडं उगाच ढवळलं. मला मात्र एवढंच दिसत होतं, की शेठ नाही तर दुसरा कुणी, आज ना उद्या ती जमीन घेणार. एकदा ती तिसऱ्याच्या नावावर गेली, की जुनं पान उघडायला कुणी येणार नाही आणि बाई त्या फडताळात कायमच्या मेलेल्या राहतील. शेठला मी त्या जमिनीच्या कागदात घोटाळा आहे एवढं सांगितलं. ते खरंच होतं. त्यानं नाद सोडला. पण असे शेठ कळंबोलीत गल्लोगल्ली उगवत होते.

मग मला एक खोडी सुचली. आयुष्यात केलेल्या सगळ्या खोड्यांत ही एकच मला शहाणपणाची वाटते. मी कार्बन घातला आणि बाईंच्याच नमुन्यात बाईंच्याच नावे नोटीस लिहिली. ‘श्रीमती द्वारकाबाई या मयत नसून दर रविवारी अकरा वाजता युसूफभाईंच्या लायब्ररीत चौथ्या खुर्चीवर हजर असतात व इतरांच्या हरकती फेटाळतात. याबाबत आपले म्हणणे सात दिवसांत मांडावे.’ खाली आमच्या तिघांच्या सह्या. युसूफभाईंनी उर्दूत केली, डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे कुणालाच वाचता येणार नाही अशी. 

सातव्या दिवशी पोस्टानं बाईंचं उत्तर आलं. ‘हरकतीची प्रत मिळाली. मुद्दा विचारार्ह आहे. सुनावणी माझ्या सेवानिवृत्तीनंतर.’

निवृत्तीला दीड वर्ष होतं. त्या काळात तांडेल बंद पडला. एका अंकाच्या शेवटी ‘क्रमशः’ छापलं होतं आणि पुढचा अंक आलाच नाही. आम्ही मात्र येत राहिलो. जुन्याच अंकांत बाईंना नव्या विसंगती सापडत होत्या. नोटिशीबद्दल त्या अवाक्षर काढत नव्हत्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तारीख मिळाली.

शेवटच्या गौरीला त्या गावी गेल्या आणि परतल्या त्या रविवारी केळीच्या पानातलं पुडकं आणलं नाही. खुर्चीत बसून म्हणाल्या, “थोरल्याला सांगून आले. रिटायर झाले, की हरकत घेणार हाय, म्हटलं.”

“काय म्हणाला?” 

“काय नाय. माझ्याकडं बघत रायला. त्याला वाटत होतं, मला ठावं नाय. अकरा-बारा वर्सं मला बरी हायस ना विचारत होता बिचारा, आणि मनात भीत होता.”

“आणि भावजय?” डॉक्टरांनी विचारलं. 

“तिच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली.”

युसूफभाईंना राहवेना. “पण बाई, वाढलं की नाही?”

“वाढलं,” बाई म्हणाल्या. “मीठ जास्त पडलं होतं.” आणि त्या हसल्या. म्हात्रेबाईंना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. एक पुढचा दात तुटका होता, ते तेव्हा कळलं.

निवृत्तीचा समारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सगळ्यांसमोर मोजून नव्या कारकुनाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघं कचेरीच्या आवारात पोचलो. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मी पेढीवर दांडी मारली होती, डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं होतं, युसूफभाईंनी शेरवानी घातली होती, लग्नातली.

बाई रांगेत उभ्या होत्या. कालपर्यंत ज्या खिडकीच्या आत बसत, तिच्या बाहेर, चौदावा नंबर. पुढची माणसं वळून वळून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, “बाई, तुमी कशाला लायनीत? आत जावा ना.” बाई म्हणाल्या, “नाय. आता हीच माझी बाजू.” त्यांची कंबर मला मोकळी मोकळी दिसत होती. हात सारखा तिकडे जात होता आणि किल्ल्या न सापडून परत येत होता.

रांगेच्या शेवटी, कडुनिंबाखाली, एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. काळा, ठेंगणा, अगदी बाईंच्याच तोंडवळ्याचा. तो पुढं येत नव्हता आणि जातही नव्हता. बाईंनी त्याला पाहिलं होतं. त्यांनी मान वळवली नाही, पण पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

नंबर आला. नवा कारकून पंचविशीचा असेल. बाईंनीच त्याला तीन महिने शिकवलं होतं, मान खाली ठेवायची सवयसुद्धा. त्यानं अर्ज घेतला, नाव न बघता गट नंबर पाहिला, फडताळातून रजिस्टर काढलं, दोरा सोडला आणि पान लावून बोट फिरवत आला.

“द्वारकी नारायण,” तो वाचत म्हणाला. “मयत.” मग पेन उचललं आणि कोरा रकाना समोर ओढला. “मयताशी आपलं नातं काय?”

मागं कडुनिंबाखालच्या म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

बाई खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून जरा पुढं वाकल्या.

“लिही,” त्या म्हणाल्या. “स्वतः.”

त्यानं लिहिलं. सवयीनं, पूर्ण लिहून झालं. मग त्यानं मान वर केली.